जागा दोन, माणसं दोन

“मॅडम, हेल्पलाइनवर आम्ही बारा जण आहोत. रोज तुमचा फोन माझ्याच वाट्याला कसा येतो?”

“नशीब फुटकं असेल तुमचं. माझं तर आहेच!”

हे आमचं चौथ्या दिवशीचं बोलणं. पहिल्या दिवशी त्याचा आवाज गोड वाटला होता... पण संताप इतका, की तो गोडवाही डोक्यात गेला. मी घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शिरून इमारतींचे नकाशे काढते. एका वेळी दोनच कनेक्शन चालतात. एक माझं, एक साहेबांचं. तरी दुपारी साहेब आत आले की मी धाडकन बाहेर! दवाखान्याचा नकाशा शुक्रवारी पाचपर्यंत गेला नाही, तर सोमवारपासून रोज ऑफिसात यायचं, असं साहेबांनी बजावलेलं. इकडे बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, घरात मी एकटी. त्यांना टाकून जाऊ कशी?

आज शुक्रवार. चार वाजून गेलेले.

“एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावलेलीच आहे. विचारा.”

“दुपारी तुम्ही... कॉम्प्युटर बदलता का?”

“हो. सकाळी हॉलमध्ये, दुपारी बाबांच्या खोलीत. त्यांना उठवून बसवावं लागतं. का?”

“हॉलमधलं बंद कसं करता?”

“कोपऱ्यातली फुली दाबते. सगळं जग तेच करतं!”

“फुलीनं नुसती खिडकी मिटते. साइन आउट केलं नाही, तर जागा अडूनच राहते. आत्ता दोन्ही जागा तुम्हीच अडवून बसलाय. साहेब आले की एकीला जावंच लागतं...”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चार दिवस याला वाट्टेल ते बोलले, आणि चोर घरातच! धावत हॉलमध्ये गेले, ती खिडकी पुन्हा उघडून साइन आउट केलं. चार छप्पन्नला नकाशा गेला.

मग भीतभीत विचारलं. “रिपोर्टमध्ये... काय लिहिणार?” साहेबांनी माझा हा पराक्रम वाचला, की ऑफिसची हजेरी ठरलेलीच.

“लिहिलंय. ऐका — सोडून दिलेलं कनेक्शन आपोआप बंद व्हायची वेळ आम्ही लावलीच नव्हती. आज लावली, पंधरा मिनिटं. चूक आमची.”

“अहो, पण फुली तर मी...”

“ती वेळ लावणं हे पहिल्याच दिवशी माझं काम होतं. खोटं एक अक्षर नाही त्यात.” तो जरा घुटमळला. “बाबांचं प्लास्टर... किती दिवस अजून?”

“तीन आठवडे.”

कित्येक दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि त्याचाही रागच आला.

“तक्रार बंद करू ना, मॅडम?”

“करा. आणि तुमचा स्वतःचा नंबर द्या. दर वेळी अकरा मिनिटं ती भिकार ट्यून ऐकून कान किटले माझे.”

“आता आणखी काय बिघडलंय?”

“काही नाही हो! आवडायला लागलाय तुम्ही मला. सांगताय ना नंबर?”

त्यानं नंबर सांगितला. दोनदा चुकला, स्वतःचाच.