उतरवलेला फर्मा

आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर माणसांचे पाय टांगलेले असतात. म्हणजे फर्मे. ज्याचे बूट मापाने शिवायचे त्याच्या पायांचा लाकडी नमुना एकदाच तासून ठेवायचा, जोडीला दोरी बांधायची आणि खिळ्याला अडकवायचा. गिऱ्हाईक पुन्हा आलं की माप घेत बसायला नको. वडिलांनी भिंतीत जेवढे खिळे ठोकले तेवढेच आजही आहेत, त्यामुळे त्यांचा एक नियमही चालत आलाय. गिऱ्हाईक वारलं की त्याच दिवशी त्याचा फर्मा उतरवायचा आणि शेगडीत घालायचा. सरस गरम ठेवायला शेगडी पेटलेलीच असते. वडील म्हणायचे, फर्मा भिंतीवर राहिला तर माणसाचा इथून पाय निघत नाही. मी तसलं काही मानत नाही. मला खिळा मोकळा झाल्याशी मतलब.

माझा डावा डोळा जन्माचा आळशी. त्याला रंग कळतात, ढोबळ आकार कळतात, पण काम सांगू नका. सगळी शिवण उजव्या डोळ्याच्या जिवावर. त्या उजव्या डोळ्यात काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा मला वाटलं, चष्म्यावर पॉलिशचे शिंतोडे उडालेत. चष्मा पुसला. परत पुसला. मग कडेला लखलखायला लागलं, तर मी ट्यूबलाइटला दोष दिला आणि नवी आणून लावली.

"अहो, डोळा दाखवून या," बायको म्हणाली.

"डोळा कुठे पळून चाललाय?" मी म्हटलं.

त्याच आठवड्यात बँडमास्तर गेले. आमच्या लग्नात त्यांनीच वाजवलं होतं. त्यांचा डावा पाय आखूड, म्हणून डाव्या बुटाला जाड तळ लावावा लागायचा; ते पाऊलही उजव्याहून लहान. लग्नाच्या त्या दिवसांतच त्यांचं माप घेतलं आणि हौसेने बायकोचंही घेतलं, त्यामुळे दोघांचे फर्मे शेजारशेजारच्या खिळ्यांवर आले. "मला नवऱ्यापेक्षा बँडमास्तरांच्या शेजारी जास्त टांगलंय," असं ती सगळ्यांना सांगायची आणि स्वतःच हसायची.

बातमी कळली तेव्हा दुपार होती. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक काळपट सावली चढली होती, खोलीचा एक भाग तिने खाल्ला होता. पण भिंत मला डोळे मिटूनही पाठ. मी हात घातला, जोडी उतरवली आणि शेगडीत सारली. हाताला ती हलकी लागली. आजारपणात मास्तर वाळले तसं लाकूडही वाळलं, असा एक वाह्यात विचार मनात आला. मास्तर बिचारे भले गृहस्थ. मी शेगडीचं झाकण लावून कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावलीचा पडदा झाला होता. बायकोने मला अक्षरशः हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

"डोळ्याच्या आतलं अस्तर सुटलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बूट शिवता ना? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको."

खरंच नको होतं. बुटाचं अस्तर एका कोपऱ्यात सुटलं की चालता चालता सगळं गोळा होतं. त्यांनी आणखी एक सांगितलं. मधल्या भागापर्यंत सुटलं तर शिवणकाम विसरा. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. बायकोने माझा हात सोडला नाही.

शस्त्रक्रिया झाली. अस्तर परत चिकटवलं आणि ते दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून डोळ्याची मागची बाजू वर हवी. थोडक्यात काय, काही दिवस तोंड जमिनीकडे करून राहायचं. जेवताना, बसताना, झोपताना.

"बुडबुड्यातून सगळं धूसर दिसेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "अगदी डोळ्याशी आणलेलं तेवढंच स्वच्छ दिसेल. घाबरू नका."

बायकोने पलंगाच्या टोकाला दोन उशा रचून मधे फट ठेवली. त्या फटीत तोंड घालून मी पडून असायचो. खाली फरशी. मदतीला माझी मोठी बहीण, आक्का, येऊन राहिली होती. जग आता घोट्यांपर्यंतच उरलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी जन्मभर माणसं पायांवरूनच ओळखत आलोय. आक्का टाचा आपटत चालते. बायकोच्या निळ्या सपाता फरशीवर सरपटल्यासारख्या वाजतात. डाव्या डोळ्याला त्या दोन निळ्या डागांसारख्या दिसायच्या. उजव्या डोळ्यात बुडबुड्याचं गोल भिंग, आणि त्यात पाण्याखालची फरशी.

पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी त्या गोलात एक काळं आलं. खोलीच्या दाराशी, जिथे उंबरा असेल तिथे.

"आक्का, दाराशी काय ठेवलंय?"

"काही नाही रे. का?"

"काळं दिसतंय काहीतरी."

"गॅस भरलाय तुझ्या डोळ्यात. काळं दिसेल नाहीतर काय, इंद्रधनुष्य?"

मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी ते काळं दारापासून निघून कपाटाशी आलं होतं. आता ते एक नव्हतं, दोन होती. एक बुटकं, एक थोडं उंच. डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला की तिथे नुसती फरशी.

दवाखान्यात तपासणीला गेलो तेव्हा मी खाली मान घालूनच त्या काळ्या बुटांबद्दल विचारलं. डॉक्टरीणबाईंचे पाय माझ्यासमोर होते, पांढऱ्या बुटांतले, डावी टाच बाहेरून झिजलेली.

"मेंदू रिकामी जागा भरून काढतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोक्यात बूट आहेत, म्हणून तो बूट भरतो."

मी हसलो. बायकोही हसली असावी, मला आवाज आला.

तीन-चार दिवसांत ते बूट पलंगाशी पोचले. पावलांचा आवाज अजिबात नाही. फक्त वास. बुटाच्या ताज्या पॉलिशचा वास त्या बंद खोलीत यायला लागला, आणि मी आजारी पडल्यापासून घरात कुणी पॉलिशच्या डबीला हात लावला नव्हता.

एका दुपारी मला डुलकी लागली. जागा झालो तर उजव्या डोळ्यात टाका दिसला. एक टाका, त्याच्या शेजारी दुसरा, मेण लावलेला दोरा, तिसऱ्या टाक्याशी किंचित वाकडी झालेली ओळ. सगळं लख्ख. ती वाकडी ओळ माझ्याच हातची. डाव्या बुटाला जाड तळ, तोही माझाच.

अगदी डोळ्याशी आणलेलं तेवढंच स्वच्छ दिसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

मी श्वास धरून पडून राहिलो. तेवढ्यात सपाता सरपटत आल्या.

"थेंब घालायची वेळ झाली," बायको म्हणाली. "वळा जरा."

डाव्या डोळ्यात निळे डाग होते. मी तो मिटला. उजव्या डोळ्यात काळे बूट होते, आणि त्यांच्या शेजारी मोकळी फरशी. मी मान वळवली. तिचा गार हात माझ्या कपाळावर टेकला, दोन बोटांनी पापणी वर झाली. थेंबाची बाटली डोळ्यासमोर आली, इतकी जवळ की तिच्या टोकावरचा चरा दिसला. बाटली धरणारी बोटं दिसली नाहीत.

"असे का थरथरताय?" तिने विचारलं.

"औषध झोंबतं," मी म्हटलं.

बुडबुडा आटत गेला. आधी बशीएवढा, मग बटणाएवढा. मान वर करायची परवानगी मिळाली आणि बुटांची जोडी बुडबुड्याबरोबर खाली, माझ्या नजरेच्या तळाला गेली. बाकीचं दिसायला लागलं होतं, अंधुक. बायकोचं सोडून. तिला पाहायला मला डावा डोळा उघडावा लागायचा.

त्या दिवसांत तिचंही काहीतरी बिनसलं होतं. "आज दुकानदाराने माझ्या मागच्या बाईला आधी दिलं," ती म्हणाली. "मी समोर उभी. म्हातारी झाले वाटतं, लोकांच्या खिजगणतीत नाही." दुसऱ्या दिवशी आक्काने चहाचे दोनच कप भरले. बायकोने तिसरा कप स्वतः काढला.

मग मी दुकानात गेलो. कुणाला न विचारता, भिंतीला धरत धरत.

कुलूप काढलं, मागच्या भिंतीशी गेलो आणि या वेळी डोळ्यांवर विसंबलो नाही. खिळ्यांवरून हात फिरवला. बँडमास्तरांचे फर्मे जागच्या जागी होते. दोन वेगळ्या लांबीचे, जड, थंड. शेजारचा खिळा रिकामा होता.

मी खाली बसलो आणि शेगडीतली राख हातांनी उपसली. बायकोच्या उजव्या पायाच्या करंगळीला लहानपणापासून गाठ आहे. तेवढ्यासाठी तिच्या फर्म्यावर मी चामड्याचा तुकडा बारीक पितळी खिळ्याने ठोकला होता. तो खिळा राखेत सापडला.

मी मानत नाही असलं काही. तरी मी बँडमास्तरांचे फर्मे शेगडीत घातले, शेगडी पेटवली आणि पार कोळसा होईपर्यंत समोरून हललो नाही. मोठ्याने माफीही मागितली. मग एक चांगला लाकडी ठोकळा निवडून घरी आणला.

"इतक्या वर्षांनी परत माप?" बायको पाय पुढे करत म्हणाली. "नवीन बूट मिळणार की काय?"

"मिळतील. हलू नकोस."

कागदावर तिचं पाऊल ठेवलं आणि डाव्या आळशी डोळ्याने, चाचपडत, भोवती पेन्सिल फिरवली. पाऊल ऊबदार होतं. करंगळीची गाठ बोटाला लागली तेव्हा मला रडू आलं. तिने डोक्यावरून हात फिरवला. "डोळ्याला ताण देऊ नका," म्हणाली.

फर्मा तासला. वाकत नव्हतो, डॉक्टरीणबाईंनी मनाई केली होती, म्हणून उभ्यानेच तासला. तोच पितळी खिळा परत ठोकला आणि जोडी तिच्या खिळ्याला टांगली. त्या संध्याकाळी बुडबुडा मोहरीएवढा झाला, हलला, आणि गेला. बूटही गेले. पॉलिशचा वासही. आता सगळं ठीक होणार असं मला वाटलं. खरंच वाटलं.

दवाखान्यात मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "अस्तर पक्कं बसलंय. रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्याने घरातली एखादी सरळ रेघ बघत जा. वाकडी दिसली तर लगेच या."

त्यांच्या खोलीत आणि घरी येताना मी एकदाही नुसत्या उजव्या डोळ्याने बायकोकडे पाहिलं नाही. दोन्ही उघडे ठेवले.

आक्का आज सकाळी परत निघाली. बायकोने तिची पिशवी उचलून दारापर्यंत आणली. आक्काने पिशवी घेतली, मागे न पाहता. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"येत जाईन अधूनमधून," ती म्हणाली. "एकटा राहतोस, जपून राहा."

मी दार लावलं. मागे सपाता सरपटत गेल्या.

"ऐकलंत ना?" बायको म्हणाली. आवाज बारीक होता.

मी खुर्चीत बसलो. "आक्काला काय, विसरायला होतं," मी म्हटलं. "इकडे ये. समोरच्या भिंतीशी उभी राहा. डोळा तपासायचाय."

ती गेली असावी. सपाता थांबल्या.

मी डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजवा उघडला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. चौकटींच्या रेघा सरळ होत्या, एकही वाकडी नाही. तारखांखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मधे कुठेही न अडता.

"मी दिसते का?" तिने विचारलं. आवाज कॅलेंडरच्या समोरूनच आला.

"दिसतेस," मी म्हटलं. "स्वच्छ दिसतेस."

मग सपाता पुन्हा वाजल्या नाहीत, आणि डाव्या डोळ्यावरचा हात काढायचा मला धीर होईना.