आठला हात सोडायचा

"अरे, सोड ना हात! काय करी ऱ्हायना तू?" ममता अशी कडाडली की नंदुरबारच्या त्या हॉलमधल्या सगळ्या जोड्या एकमेकींवर आदळल्या.

समोरचा मुलगा ओशाळला. "माफ करा... मी वीरसिंग."

घ्या! नाव कुणी विचारलं होतं?

सुरतेहून सालसा शिकून आलेल्या कुंदन सरांचा हा रविवारचा क्लास. गोल करून नाचायचं. आठ आकडे झाले की सर ओरडायचे, "पुढची!" — की मुलांनी धरलेला हात सोडायचा आणि पुढच्या मुलीचा धरायचा. वीरसिंग धडगावकडचा, तळोद्याला मास्तर. त्याच्या पाड्यावरही गोलच नाचायचे, पण एकदा धरलेला हात ढोल थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. बिचाऱ्याला तीच सवय.

ममता सारंगखेड्याची. इथं एका दवाखान्यात केसपेपर काढायची. खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली, तेव्हापासून एकटीपुरता भात टाकला तरी उरायचा. दिवसभर शंभर जणांना नाव-गाव विचारायचं, पण तिची विचारपूस करणारं कुणी नाही. म्हणून तर ती नाचायला आली होती.

पुढचे चार रविवार वीरसिंग चुकतच राहिला. सगळे हसायचे. ममता वरवर चिडायची, अन् आठवडाभर त्या चुकीची वाट बघायची... खुळी कुठली!

पाचव्या रविवारी मात्र आठला त्याचा हात अलगद सुटला.

"शाब्बास रे!" सर म्हणाले.

त्यानंतर ममताच्या हातात एकामागून एक पाच हात आले, आणि तिला कधी नव्हे इतकं एकटं वाटलं. ती गोलातून बाहेर पडली, चपला घालून जिन्यात आली.

मागोमाग तो. "माझं काही चुकलं का?"

"नाही ना चुकलं! तेच तर..."

"घरी खुर्ची धरून सराव केला. तुम्ही चिडता म्हणून."

ममताला हसू आलं, अन् डोळेही भरले. "आधी मला विचारायचं होतं."

"काय?"

"सोडू का, म्हणून."

तो एका दमात म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. पण... साडेसहाला माझी बस आहे."

पुढचे सहा दिवस पुन्हा एकटीनंच काढायचे आहेत, हे ममताला ठाऊक होतं.

"म्हणजे अजून तासभर आहे की," ती म्हणाली, आणि पायरीवर त्याच्यापुरती जागा ठेवून बसली.