अतियाने न दिलेली बांग

दार ओढून घ्या, वारा येतोय. आणि मध्येच कुणी दात काढायचे नाहीत. ही गोष्ट शेख अतियाची. तो माझ्या चुलत्याचा शेजारी. त्याच्या हातची कॉफी मी प्यायलोय, म्हणून छातीठोक सांगतो.

अतिया आंधळा होता. आपल्या कैरोच्या मारिस्तानाच्या, म्हणजे दवाखान्याच्या, मिनारावरून बांग द्यायचा. तिथली एक रीत होती. रोग्यांची आणि वेड्यांची रात्र सरता सरत नाही, म्हणून पहाटेची बांग दोन तास आधीच द्यायची. आता उजाडलंच, असं वाटून बिचाऱ्यांना धीर यायचा, खोटा का होईना.

त्या वेड्यांतच अतियाचा धाकटा भाऊ होता. गुनैम, तांबट. प्लेगात दोन मुली एकाच आठवड्यात गेल्या आणि त्याची झोप उडाली ती कायमचीच. हकीम नफीस म्हणाले, काळं पित्त मेंदूत चढलंय. हकीम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. सहा महिने त्यांनी जिवाचं रान केलं. शीर तोडून रक्त काढलं, जुलाब दिले, सापाच्या मांसाचा रस्सा पाजला, बासरीवाले आणून बसवले. गुनैम बासरी ऐकून मान डोलवायचा आणि रात्रभर टक्क जागा राहायचा. पुढे तो माणसांच्या अंगावर धावायला लागला. मग गळ्यात लोखंडी कडं आलं, साखळी खिडकीच्या गजाला. आता एकच उपाय उरला होता. टाळूवर तापल्या लोखंडाचा डाग.

जमादिलाखर महिन्याची सव्विसावी रात्र. मंगळवार मावळून बुधवार लागला होता. अतिया नेहमीसारखा मसुरीचं कालवण आणि भाकरी घेऊन भावाकडे गेला. गुनैमने भाकरीला हात लावला नाही. सलामा पहारेकऱ्याने त्याला सांगून ठेवलं होतं, उद्या बांग झाली की डाग.

"दादा, आज बांग देऊ नकोस," गुनैम म्हणाला.

अतियाने परोपरीने समजावलं. माझी बांग खोटी असते, हकीम येणार ते उन्हं वर आल्यावर.

"खोटी असू दे. सकाळ तिच्याच मागून येते ना? रोज तुझ्याकडे सकाळ मागितली. आज रात्र मागतोय."

अतिया तसाच हकिमांकडे गेला. एक दिवस थांबा म्हणून पाया पडला. हकिमांनी त्याला हात धरून उठवलं.

"शेखसाहेब, चार दिवस त्याच्या पोटात अन्न नाही. थांबलो तर तो असाही जाईल," ते म्हणाले. "मला का हौस आहे?"

मध्यरात्र उलटली. अतिया मिनार चढला. खाली चाळीस रोगी त्याच्या बांगेकडे कान लावून पडले होते. त्यांची रात्र आपण लांबवतोय, हे त्याला कळत होतं. तरी त्याने ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. भावासाठी दुसरं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

वेळ झाली. तो बसून राहिला.

वारा पडला...

शेजारी कुणीतरी श्वास घेतला. खोल, छाती भरून.

"कोण आहे?"

...

मग बांग सुरू झाली. त्याच्या कानाशी. आवाज त्याचाच. वरच्या सुराला त्याचा गळा जरा चिरकायचा, तसाच चिरकला. अतियाने ओठांवर हात ठेवला. ओठ मिटलेले. हाताने गळा चाचपला. गळा हलत नव्हता. बांग शेवटच्या शब्दापर्यंत गेली...

खालून कुणीतरी सुस्कारा टाकला. "उजाडलं बाबा."

साखळी एकदा वाजली. मग नाही.

अतिया भिंत चाचपत, ठेचकाळत खाली आला. सलामा म्हणाला, "शेखसाहेब, आजच्यासारखी बांग कधी दिली नव्हतीत."

"मी दिली नाही."

 सलामाने दिवा घेतला आणि दोघे आत गेले. गुनैम भिंतीला टेकून बसला होता. कडं जागच्या जागी, कुलूप लागलेलं. तो गेला होता. अतियाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला. टाळूवर हात थांबला. तिथे केस नव्हते. नाण्याएवढी गोल जागा, कातडी करपलेली.

हकीम धावत आले. लोखंड त्यांच्या घरी पेटीत, किल्ली कमरेला. पेटी तिथे आणवून सगळ्यांसमोर उघडली. लोखंड थंडगार, वर गंज. दवाखान्यात त्या रात्री शेगडी पेटली नव्हती, सलामाने कुराणावर हात ठेवून सांगितलं. हकिमांनी दिवा टाळूजवळ नेला, पाहिलं, आणि तिथेच खाली बसले.

दुपारी मय्यतीला आंघोळ घातली. अतिया चोळत होता, माझा चुलता पाणी ओतत होता. गार पाणी, विहिरीचं. चुलता खोटं बोलणारा माणूस नव्हता. पाय धुतले, छाती धुतली. मग डोक्यावर तांब्या धरला.

पाणी टाळूवर पडलं... आणि चर्र झालं.