शशिकांतचा दुभाष्या

कुमारकाकांच्या क्युपर्टिनोच्या घरामागे जेवणानंतर फायरपिट पेटवलं होतं. मोठी माणसं आत पत्ते खेळत होती. बाहेर काका आणि कॉलेजातली तीन मुलं, यश, अंतरा आणि हिमानी. यश म्हणाला, पुढच्या सेमिस्टरला त्याला कोरियाला जायचा चान्स आहे. "सोल नाही हं काका. कुठली तरी गावाकडची नॅशनल युनिव्हर्सिटी आहे."

"कुठली तरी म्हणू नये," काका म्हणाले. "आमचा शशिकांत खानझोडे तसं म्हणायचा. माझ्या ओळखीतला माणूस आहे, अजून सांता क्लाराला राहतो. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. विश्वास ठेवा, नका ठेवू."

मग काकांनी सांगितलं ते असं.

दोन हजार चोवीसचा जानेवारी, तेरा तारीख, शनिवार. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. शशिकांतच्या बायकोनं, शोभनानं, लाडू करून दिले होते, पण तिच्या अंगात ताप होता. म्हणून डबे पोचवायचं काम शशिकांतकडे आलं. तसंही त्याला जायचंच होतं. त्याचं भाषण होतं, 'कोरियातलं माझं एक वर्ष'.

शशिकांत इंजिनिअरिंगचा प्रोफेसर. नागपूरहून इथे येऊन नाव काढलेला. हुशार, त्यात वाद नाही. पण हलका माणूस. दुसऱ्याला खाली बसवल्याशिवाय आपण उभे आहोत हे त्याला पटायचं नाही. कोरियातल्या एका लहान शहरातल्या सरकारी विद्यापीठानं त्याला वर्षभरासाठी बोलावलं होतं. घर दिलं, मान दिला. विद्यार्थी कॉरिडॉरमध्ये कमरेत वाकून नमस्कार करायचे. हा परत येऊन सांगायचा, "सफरचंदाच्या बागेत चार बिल्डिंगा बांधल्यात आणि म्हणे युनिव्हर्सिटी."

वर्षभरात त्याला एकच कोरियन शब्द आला, 'ग्योसूनिम'. म्हणजे प्रोफेसरसाहेब. लोक त्याला तशी हाक मारायचे, म्हणून लक्षात राहिला. बाकी सगळ्यासाठी त्याच्या दिमतीला एक माणूस दिला होता. चाळिशीचा, पीएचडी झालेला, तासांप्रमाणे पगार घेणारा लेक्चरर. कायम होण्याची वाट बघत या कॉलेजातून त्या कॉलेजात तास घेत फिरायचा. शशिकांतचं लेक्चर तो वाक्यावाक्याला कोरियनमध्ये सांगायचा. गाडी चालवायचा. बॅगही उचलायचा. शशिकांत त्याला मिस्टर किम म्हणायचा. त्याचं नाव किम नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं ते सांगितलंही होतं. शशिकांतचं उत्तर ठरलेलं, "तिथे सगळे किमच असतात यार."

वर्ष संपताना डिपार्टमेंटनं शशिकांतला जेवण दिलं. टेबलावरच्या शेगडीत मांस भाजत होतं. विभागप्रमुखांनी काहीतरी विचारलं. दुभाष्या त्या वेळी दोन्ही हातांनी बाटली धरून शशिकांतचा ग्लास भरत होता. तो थांबला. मग खाली बघत इंग्रजीत म्हणाला, "सर, ते माझ्याबद्दल तुमचं मत विचारताहेत."

डिपार्टमेंटमध्ये एक कायम जागा निघाली होती. पाहुण्या प्रोफेसरचा एक बरा शब्द पुरला असता.

शशिकांतच्या तोंडात घास होता. "ड्रायव्हर उत्तम," तो म्हणाला. "हमालही चांगला. स्कॉलर म्हणून शून्य. हेच सांगा त्यांना."

आणि त्या माणसानं तेच सांगितलं. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या भाषेत. काही गाळलं नसावं, कारण सगळं टेबल गप्प झालं. मग त्यानं राहिलेला ग्लास भरला.

पुढच्या हिवाळ्यात तासाला जाताना घाटात बर्फावरून घसरून त्याची गाडी दरीत गेली, आणि तो वाचला नाही. तिकडून कळवलं, तेव्हा नावावरून शशिकांतला माणूस ओळखू आला नाही. कोणीतरी म्हणालं, तुमचा दुभाष्या होता तो. "ओह," शशिकांत म्हणाला, आणि दुसरा विषय काढला.

तर त्या शनिवारी हॉल भरला होता आणि शशिकांत रंगात आला होता. सफरचंदाची बाग झाली, वाकणारे विद्यार्थी झाले. लोक हसत होते. मिस्टर किमची नक्कल सुरू झाली, तेव्हा त्याला पहिल्यांदा ते ऐकू आलं.

हॉलच्या मागच्या बाजूला कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. तो थांबला की तेही जरा वेळानं थांबायचं.

"मागे कोणी फोनवर आहे का? प्लीज बाहेर जाऊन बोला," शशिकांत म्हणाला.

लोकांनी वळून पाहिलं. शेवटच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. आणि त्या रिकाम्या रांगांतून, त्याच सुरात, त्याच्या या वाक्याचंही कोरियन झालं.

वर्षभर रोज ऐकलेला आवाज होता. अर्धं वाक्य मागून चालणारा. इतरांना काही ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. शशिकांत पाणी प्यायला. पुढचा किस्सा त्या जेवणाचा होता. हशा मिळवून देणारा, राखून ठेवलेला. त्यानं तोंड उघडलं.

आवाज आधी सुरू झाला.

शशिकांत एक शब्दही बोलला नव्हता. आवाज मात्र पुढे चालला होता. सावकाश, स्पष्ट. मध्ये 'ग्योसूनिम' आलं. मग आवाज थांबला. हशासाठी जागा सोडतात ना, तसा.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. सगळे शशिकांतकडे बघत होते.

"बरं वाटत नाहीये," तो म्हणाला, आणि स्टेजवरून उतरला.

गाडीत शांतता होती. स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावर सिग्नल लाल झाला. "काही नाही, बीपी वाढलंय," तो स्वतःशी पुटपुटला.

मागच्या सीटवरून त्याचं कोरियन झालं.

त्यानं आरशात पाहिलं नाही. सिग्नल हिरवा झाला. मागची गाडी हॉर्न वाजवून पुढे निघून गेली. तेवढ्यात शोभनाचा फोन आला.

"निघालास का?"

"येतोच... पाच मिनिटांत."

मागून आवाज.

"कोण आहे रे गाडीत?"

"कोणी नाही."

मागून पुन्हा. दोनच शब्द.

शोभना म्हणाली, "शशी, तो माणूस काय बोलतोय?"

त्यानं फोन कापला. लॉरेन्स रस्त्यावर वळला. घराच्या ड्राइव्हवेत गाडी उभी केली. दार उघडायला हात गेला नाही.

"सॉरी," तो म्हणाला. "आय अ‍ॅम सॉरी, मिस्टर किम."

या वेळी भाषांतर झालं नाही.

त्याला कळलं. तो आठवू लागला. पहिला दिवस, एअरपोर्ट, पाटी धरून उभा असलेला माणूस, वाकून सांगितलेलं नाव...

"पार्क?"

काही नाही.

"ली?"

काही नाही.

"...चोई?"

सीटचं लेदर करकरलं. कोणीतरी पुढे झुकल्यासारखं. मग कानापाशी, इंग्रजीत, अगदी अदबीनं...

"सर, ते माझ्याबद्दल तुमचं मत विचारताहेत."

ते...

कोण ते...

शोभना बाहेर आली तेव्हा इंजिन चालू होतं. शशिकांतचे हात स्टिअरिंगवर होते आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता.

कुमारकाका थांबले. फायरपिटमध्ये आता निखारेच उरले होते.

"मागच्या महिन्यात त्यानं मला एअरपोर्टला सोडलं," ते म्हणाले. "वाटेत एक शब्द नाही. गाडीत तो बोलतच नाही आता. मध्ये शोभनाचा फोन आला, गाडीचा स्क्रीन उजळला. कोणते फोन जोडलेत ते दिसतं ना, तसं दिसलं. एक शशिकांतचा. त्याखाली आणखी एक, कनेक्टेड. माझा तर खिशात बंद होता. त्या दुसऱ्याचं नाव कोरियनमध्ये होतं. तीन अक्षरं."

"डिलीट करता येतं ते," अंतरा हळूच म्हणाली.

"उतरल्यावर विचारलं मी. म्हणाला, रोज करतो. सकाळी परत असतं."

"पण नाव काय होतं, काका?" हिमानीनं विचारलं.

"तेही विचारलं." काकांनी शाल ओढून घेतली. "म्हणाला, दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचा धीर होत नाही. आणि मला स्वतःला ते वाचता येत नाही."