कोंबडीनंतर बॅस्टिल

जैनुद्दीन कॉलेजच्या फाटकाशी उभा होता तेव्हा आंब्यांना मोहोर आला होता, पण त्याच्या आसपास वास येत होता तो सदऱ्याला लागलेल्या मासळीचा. मुलं लांबून जात होती. एक मुलगी तेवढी थांबली, इशरत.

"कुणाला शोधताय?"

"इतिहासाच्या नोट्स कुणी देईल का... बाहेरून बारावीला बसलोय. मिरकरवाड्याच्या बंदरात जाळी शिवतो. उतरवून लगेच परत देईन."

इशरतनं त्याच्या हातांकडे पाहिलं. दोऱ्यानं कापलेल्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"या बोटांनी उतरवणार? तोवर परीक्षा होऊन जाईल." ती जरा थांबली. "ऐकून पाठ होतं का तुमचं?"

तिचा भाऊ कुवेतला होता. त्यानं पाठवलेला टेपरेकॉर्डर घरी होता, आणि त्याला खुशाली बोलून पाठवायला ठेवलेल्या कोऱ्या कॅसेटीही. त्यांतल्याच काहींवर ती वर्गातल्या नोट्स वाचू लागली. दर शुक्रवारी रामआळीतल्या एका दुकानाच्या पायरीवर कॅसेट हातोहात बदलायची. सोबत तिची मैत्रीण असायची, त्यामुळे बोलणं दोन शब्दांचं.

जैनुद्दीन ती धक्क्यावर बोटमालकाच्या टेपवर लावायचा. हात जाळ्यात, कान तिच्याकडे. शेजारी जाळं शिवणारा म्हातारा भिकाजीही ऐकायचा.

"काय रे, त्या फ्रान्सच्या राजाचं काय झालं?"

"मुंडकं उडवलं, भिकाजीकाका."

"बरं झालं. पाव महाग केला होता मेल्यानं."

इशरतच्या घरात निवांत कोपरा नव्हता. कॅसेटीत सगळं घर यायचं. कोंबडी ओरडली की बॅस्टिलचा तुरुंग फुटायचा. अम्मा "भाकरी करपली गं" म्हणाली की राज्यक्रांतीचं तिसरं कारण. जैनुद्दीनला सगळं तसंच पाठ झालं. इशरतला मात्र लाज वाटली. एकदा तिनं कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसून स्वच्छ कॅसेट भरून दिली. ती त्यानं पुढच्या शुक्रवारी परत केली.

"यातलं डोक्यात काही राहत नाही."

"आवाज नीट नाही का?"

"आवाज नीटच आहे. पण... कोंबडी नाही."

ती हसू दाबत म्हणाली, "मग कोंबडीलाच बसवा बारावीला."

पुढच्या कॅसेटीत कोंबडी परत आली.

परीक्षा जवळ आली. एका कॅसेटीत इंग्लंडच्या गिरण्या चालू असताना मागून अम्मा कुणाला तरी सांगत होती, "मंडणगडची माणसं रविवारी येतायत इशरतला बघायला. मुलगा दुबईला आहे. पसंत पडली तर परीक्षेआधीच निकाह."

इशरतचा आवाज थांबला. नुसती टेपची खरखर... मग तिनं मागचंच वाक्य पुन्हा वाचलं, हळू.

जैनुद्दीनची सुई हातातच राहिली. भिकाजीनं विडी विझवली.

"लाव पुन्हा," म्हातारा म्हणाला.

"ऐकलंत की तुम्ही."

"मी ऐकून काय करू? मला करायचंय काय लगीन?"

जैनुद्दीन शुक्रवारपर्यंत थांबला नाही. दुसऱ्याच दुपारी फाटकाशी गेला. इशरत एकटीच बाहेर आली.

"त्यात... अम्माचं बोलणं आलंय," तो म्हणाला.

"हो."

"पुसायचं राहिलं?"

इशरतनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पुसता येतं मला. भावाला पाठवायच्या कॅसेटीतलं अम्माचं रडणं मीच पुसते दर वेळी."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "माझ्याकडे दुबई नाही. बारावीसुद्धा नाही अजून."

"बारावी होईल. वाचलीय मी तुमच्यासाठी."

"शनिवारी माझ्या खालाला पाठवतो तुमच्या घरी. ती बोलेल अम्माशी."

"पाठवा. पण माझ्याशी कोण बोलणार? इतके दिवस मी एकटीच त्या डब्यापुढं बोलतेय. आता तुम्ही बोला... मी ऐकते."

जैनुद्दीनला बोलायची सवय नव्हती. पुढं संसारातही, इशरत होती तोवर, बोलायची ती आणि ऐकायचा तो. पण त्या दुपारी तो बोलत राहिला. वडिलांचं दुखणं, सुटलेलं कॉलेज, आणि तिचा आवाज नसला की जाळंसुद्धा सरळ शिवलं जात नाही, हेही. तिला घरी नेणारी राजिवड्याची गाडी आली, थांबली आणि गेली. ती ऐकत उभी होती.