लंबूचे मुके कावळे

तो माझ्या अंगावर पडला. प्रेमात-बिमात नाही हं, खरोखरचा! मैदानावरून धावत आला आणि पाण्याच्या टाकीपाशी थेट माझ्यावर कोसळला. हा एवढा लंबू!

"नाटकं!" खेळाचे सर गरजले. "परत पडलास तर रिलेच्या संघातून बाहेर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराचे ओठ सुकून पांढरे पडलेत, आणि म्हणे नाटकं!

मग मी लंबूलाही झापलं. "तहान लागली होती तर पाणी का नाही प्यायलास?"

"लागली होती?" तो खरंच गोंधळला. "कळलंच नाही…"

"आणि भूक? पोटात कावळे ओरडतात ते?"

"माझे मुके असतील."

मी हसले नाही. म्हणजे… जराशीच.

माझी आई लहान मुलांना शिकवते. ती म्हणाली, "काहींना शरीराच्या हाका पटकन ऐकू येत नाहीत गं. त्या ओळखायला शिकवावं लागतं." मग सरांना कोण शिकवणार?

मी लंबूपासून सुरुवात केली. रोज मधल्या सुट्टीत, टाकीपाशी.

"उड्या मार. थांब. आता सांग, जीभ कशी आहे?"

"बघतेस?" त्याने जीभच बाहेर काढली.

"गप! तूच बघ. आतून."

कितीतरी दिवस 'माहीत नाही'. मग एकदा तो किंचाळलाच, "चिकट! चिकट आहे!" जणू खजिना सापडला.

रिलेच्या अंतिम निवडीच्या दिवशी धावता धावता तो थांबला. हात वर केला. "सर, गरगरतंय. पाणी पिऊन येतो."

"कामचुकार! नाव कट!"

मी थेट मैदानात घुसले. "पडला तर नाटकं, पडायच्या आधी सांगितलं तर कामचुकार! मग त्याने करायचं तरी काय, सर?"

सरांनी दोघांनाही मैदानाबाहेर काढलं.

टाकीपाशी लंबू घटाघटा पाणी प्यायला. मग माझ्याकडे बघत राहिला. "रडतेयस?"

"रागाने!"

"मला पण काहीतरी होतंय… छातीत धडधडतंय. हात गार पडलेत. डबा खाल्लाय, पाणीही प्यायलो."

"कधीपासून?"

"रोजच होतं. मधल्या सुट्टीत. मला वाटायचं, उड्यांमुळे…" त्याचे कान लालबुंद झाले. "आज तर उड्याही मारल्या नाहीत. धावल्याचा दमही कधीच गेला."

मी त्याचा हात धरला. गारच होता.

"उद्या मुख्याध्यापकांकडे जायचंय आपल्याला," मी म्हटलं. "तहानेचं, चकरेचं, सगळं सांगायचं. हे एवढं मात्र सांगू नकोस."