वाक्य पहिल्यापासून

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या कुणाकडून ऐकलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी, आणि शेवटी जे झालं तेव्हा माझी आई त्याच खोलीत बसलेली होती. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी खुशाल ठेवू नये. मीही आधी हसलोच होतो.

आणि हो, रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. खोलीचे पडदे तेवढे ओढलेले होते, तेही बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून.

मावशी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचते. घराच्या मागच्या खोलीत माइकसमोर बसायचं, धडे रेकॉर्ड करायचे आणि एका संस्थेला पाठवायचे. काका, म्हणजे तिचे यजमान, होते तोवर तिच्या पाठीमागे खुर्चीत पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन बसत. मावशी वाचताना चुकली तर बोलायचं नाही. अंगठीने खुर्चीच्या लाकडी हातावर एकदाच वाजवायचं.

टक.

की मावशी थांबायची. श्वास घ्यायची. आणि वाक्य पहिल्यापासून, दुरुस्त करून पुन्हा वाचायची. नंतर कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ बघताना त्या टकचा उंच काटा लांबूनच दिसायचा. तिथलं चुकलेलं वाक्य कापलं की काम झालं.

ही सवय दोघांच्या अंगात इतकी मुरली होती, की जेवताना मावशीने "काल आपण बाजारात गेलो" म्हटलं आणि जाणं परवाचं असलं, तर काका ताटाशेजारी टक करायचे. मावशी घास गिळायची आणि म्हणायची, "परवा आपण बाजारात गेलो." आम्ही मुलं पोट धरून हसायचो.

मग काका गेले. मावशीकडे उरलं ते वाचन. ते नसतं तर मला वेड लागलं असतं, असं ती स्वतःच सांगते.

आणि तेच काम जायची वेळ आली.

संस्थेत नव्या तपासनीस बाई आल्या. त्यांचा फोन आला. "ताई, वाचता तुम्ही सुंदर. पण मागे सतत काहीतरी घरघरतंय. मुलांचं डोकं दुखतं हो. पुढचं पुस्तक असंच आलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

घरघर कॉम्प्युटरची होती. काकांनी स्वतः जोडलेला जुना डेस्कटॉप. माइकचं कार्ड आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम फक्त त्याच्यावरच चालायचा, त्यामुळे नवा घेण्याचा प्रश्नच नव्हता. दोष प्रोसेसरवरच्या कूलरचा होता. त्याचा एवढासा पंखा जीव खाऊन फिरायचा.

मावशीने तो बदलू या म्हणून काकांच्या मागे किती वेळा टुमणं लावलं होतं. हा माणूस सगळं दुरुस्त करायचा, पण त्या पंख्याला हात लावू द्यायचा नाही.

"फिरू दे गं," म्हणायचे. "आवाज आहे म्हणून बरं आहे."

मावशीला वाटायचं, चिकटपणा, दुसरं काय!

आता तिने स्वतःच कॉम्प्युटरचा डबा उघडला. पट्टीने आतली उंची मोजली, कूलर बसवायच्या भोकांचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदाराने आधी एक उंच, रंगीत दिव्यांचा दिमाखदार कूलर पुढे केला.

"हा लावला तर झाकण बसणार नाही," मावशी म्हणाली. "आणि दिवे कशाला? मला तो बघायचा नाहीये. ऐकायचाही नाहीये."

दुकानदार हसला. "मग हा घ्या, मावशी. बुटका आहे, पण पंखा मोठा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी भागतं, म्हणून आवाज करत नाही. जुन्या बोर्डावर तो बसवायचा क्लॅम्प आहे माझ्याकडे."

घरी येऊन तिने प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली उष्णता ओढून नेणारी जुनी पेस्ट पुसली, नव्या पेस्टचा थेंब ठेवला, कूलर बसवला, बटण दाबलं.

काही झालंच नाही असं वाटलं. मग स्क्रीन उजळली.

खोलीत एवढी शांतता तिने कधी अनुभवलीच नव्हती. आपण गिळलेला आवंढाही ऐकू येत होता. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही... उगाचच उठून तिने दार लावलं आहे का ते पाहिलं.

वाचायला बसली. विज्ञानाचं पुस्तक होतं. पहिलं पान नीट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर...

टक.

मावशी थांबली. श्वास घेतला. वाक्य पहिल्यापासून वाचलं. सगळं सवयीने.

आणि मग तिच्या लक्षात आलं, वाजवणारं आता कुणी नाही.

मागे वळली. खुर्ची रिकामी. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांची चळत, तीही तशीच. लाकूड तडकलं असेल, म्हणून तिने मनाची समजूत घातली. पण रेघेवर काटा आला होता. आधीचं वाक्य ऐकलं, तर "उष्णता शोषली जाते"च्या जागी तिने "सोडली जाते" वाचलेलं होतं.

चूक खरी होती.

त्या आठवड्यात असं रोज झालं. प्रत्येक टकच्या मागे एक चूक. एकही टक वाया गेली नाही. आणि मावशीची भीती हळूहळू ओसरली. तिला रडू आलं, पण ते सुखाचं. काका आले होते. पुस्तक घेऊन मागे बसले होते. ती खुर्चीवरचे कपडे उचलू लागली, त्यांना जागा व्हावी म्हणून. संस्थेला पहिले धडे गेले, तपासनीस बाईंनी तोंडभरून कौतुक केलं. आता आणखी काय हवं?

फक्त एक गोष्ट तिला खुपत होती.

काकांची टक अंगठीची होती. खणखणीत. ही जरा... बोदी होती. नखाने वाजवावी तशी.

अंगठी तर कपाटात आहे, तेव्हा नखाने वाजवत असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. तरी राहवेना. तिने काकांच्या वेळचं एक जुनं, न कापलेलं रेकॉर्डिंग शोधलं, त्यातली घरघर प्रोग्रामने पुसली, आणि कानाला हेडफोन लावला.

काकांची टक आली. खणखणीत. डोळे भरून आले तिचे. पुढे वाचन चालू... आणि मग दुसरी टक.

बोदी.

रेकॉर्डिंगमधली मावशी थांबली. "काय चुकलं?"

काकांचा आवाज आला, "मी कुठे वाजवलं?"

"मग कुणी?" मावशी हसत होती.

बराच वेळ काका काही बोलले नाहीत. ही शांतता मावशीला आठवतच नव्हती. त्या वेळी पंख्याच्या घरघरीत ती जाणवली नसणार.

मग काका हळूच म्हणाले, "कुणी नाही. वाच तू. थांबू नकोस."

मावशीने हेडफोन काढला आणि पहिला फोन माझ्या आईला केला.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. मावशी मागच्या खोलीतच होती. जुना पंखा अडगळीतून काढून टेबलावर ठेवलेला. तो परत लावला तर काम जाणार, नाही लावला तर ती टक ऐकू येत राहणार... तिचा निर्णयच होत नव्हता. डोळ्यांखाली काळं आलेलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. आई तशी खमकी. भुताखेतांना मोजत नाही.

"ताई, तुला झोप नाहीये, म्हणून हे सगळं. रेकॉर्डिंगमध्ये भावजींनी गंमत केली असेल. तू बॅग भर, चल माझ्याकडे."

"आणि काम?"

"काम गेलं खड्ड्यात! दिवसभर अशी पडदे लावून बसतेस. घरात चिटपाखरू नाही. माणसाचं डोकं फिरेल नाहीतर काय?"

नवा कूलर फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

आईला दया आली. तिने बहिणीचा हात हातात घेतला. "खरं सांग. या खोलीत तू एकटीच असतेस ना गं?"

मावशीने क्षणभर खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिला धीर आल्यासारखा वाटला.

"हो," ती म्हणाली. "या खोलीत मी एकटीच असते."

टक.

खुर्चीतून नाही. आईच्या पाठीमागून. अगदी जवळून.

आईला वळायचा धीर झाला नाही. ती मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मावशीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, डोळे मिटले... श्वास घेतला... आणि वाक्य पहिल्यापासून, दुरुस्त करून पुन्हा म्हटलं.

"या खोलीत मी एकटी नसते."

यावर टक आली नाही.

मावशी आमच्याकडे राहायला आली नाही. जुना पंखा पुन्हा बसवून, तो दिवसभर घरघरत ठेवून ती तिथेच राहते, आणि संस्थेची पुस्तकं आता दुसरं कुणीतरी वाचतं. आईने हे मला एकदाच सांगितलं. पण आमच्या घरी कुणी सहज टेबलावर बोट वाजवलं, तरी आई बोलता बोलता थांबते. आपण आत्ता काय बोललो, ते आठवत राहते.

हल्ली मीही थांबतो.